एकाच शनिवारी तीन व्याख्यानं: ठाण्यातल्या एका बंद पडलेल्या सदराचं प्रकरण

नौपाड्यातल्या एका शाळेच्या सभागृहात आमच्या कट्ट्याने शनिवारी संध्याकाळी शिलाहार राजांच्या ताम्रपटांवर व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते डोंबिवलीहून आले होते. ताम्रपटांची छायाचित्रं, त्यांचं वाचन, नकाशे, अशी सगळी तयारी होती. ठाणं म्हणजे शिलाहारांचं श्रीस्थानक. ज्या रस्त्यांवरून आपण रोज जातो तिथे हजार वर्षांपूर्वी काय चालत होतं, हे ऐकायला लोक येणार अशी आमची खात्री होती. प्रत्यक्षात पुढच्या तीन रांगा भरल्या, आणि त्यातही आमचे कार्यकर्ते, त्यांच्या घरची माणसं आणि नेहमीची मंडळी.

त्याच संध्याकाळी सहा वाजता घंटाळीच्या बाजूला दुसऱ्या एका संस्थेचा कोकणातल्या जुन्या बंदरांवर कार्यक्रम होता. जांभळी नाक्याजवळ तिसऱ्या एका मंडळाने ठाणे जिल्ह्यातल्या किल्ल्यांवर स्लाइड शो ठेवला होता. तिन्ही जागा चालत जाण्याच्या अंतरावर, तिन्ही विषय एकाच प्रकारच्या श्रोत्याचे, आणि तिन्हीकडे खुर्च्या रिकाम्या. आम्हाला हे कळलं ते कार्यक्रम संपल्यावर. एक वयस्कर गृहस्थ उशिरा आत आले, शेवटच्या रांगेत बसले आणि आभार झाल्यावर आमच्याकडे येऊन म्हणाले, "अहो, घंटाळीचं अर्धं ऐकून धावत इकडे आलो. तुम्ही लोक एकमेकांना विचारून तारखा ठरवत नाही का?"

पूर्वीही विचारत नव्हतो, पण पूर्वी असं होत नसे. का होत नसे, याचा माग काढायला आम्ही तिन्ही संस्थांचे लोक एकत्र बसलो. त्यातून जे समोर आलं ते इथे मांडतो आहे, कारण ही गोष्ट तीन सभागृहांपुरती नाही. शहरातल्या छोट्या सांस्कृतिक कार्यक्रमांना अनोळखी माणूस कुठून मिळतो आणि तो कशामुळे मिळेनासा होतो, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

मुंबईतल्या एका मोठ्या दैनिकाच्या ठाणे पुरवणीत पूर्वी रोज 'आजचे कार्यक्रम' अशा धर्तीचं एक सदर येई. आतल्या पानावर खालच्या कोपऱ्यात, बारीक टायपात. कार्यक्रमाचं नाव, वक्ता किंवा कलाकार, स्थळ, वेळ, संपलं. फोटो नाही, विशेषणं नाहीत. त्यात छापून यायचं तर तीन-चार दिवस आधी संस्थेच्या लेटरहेडवर मजकूर लिहून, वर 'कृपया प्रसिद्धीसाठी' असं लिहून कार्यालयात नेऊन द्यायचा. पैसे लागत नसत. आम्ही वक्त्याच्या पदव्या, पुरस्कार, आमच्या अध्यक्षांचं नाव सगळं लिहून द्यायचो. उपसंपादक ते सगळं कापून दोन ओळींत बसवायचे. त्या कापण्याचा तेव्हा आम्हाला राग यायचा. आता ते सगळे जुने कात्रणवहीतले चौकोन पाहिले की जाणवतं, वाचणाऱ्याला नेमकं जेवढं हवं तेवढंच तिथे उरलेलं असे.

या उपसंपादकांचं आणखी एक काम होतं, जे त्यांच्या नेमणूकपत्रात कुठेही लिहिलेलं नसणार. शहरातले सगळे मजकूर त्यांच्या टेबलावर यायचे, त्यामुळे कुठल्या दिवशी काय आहे हे सगळ्यांत आधी त्यांना कळे. मग फोन यायचा: "काका, त्याच दिवशी त्याच वेळेला घंटाळीलाही गाण्याचा कार्यक्रम आहे. तुमचं अर्धा तास आधी घेता येईल का? नाहीतर रविवार सकाळ बघा." आम्ही बघायचो. घंटाळीची संस्थाही बघायची. शहराच्या सांस्कृतिक वेळापत्रकाचा मेळ कुठलीही समिती न नेमता एका टेबलावर बसत होता. त्या शनिवारच्या घोटाळ्यानंतर बैठकीत जेव्हा प्रत्येकाने आपापली आठवण सांगितली, तेव्हा कळलं की तो फोन आम्हा तिघांनाही यायचा. प्रत्येकाला वाटत होतं की ही खास ओळखीतून मिळणारी सवलत आहे.

ते सदर एका दिवसात बंद झालं नाही. आधी रोजचं आठवड्यातून तीनदा झालं, मग फक्त शनिवारी, मग जागा असेल तेव्हा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर मुंबई-ठाण्यात वृत्तपत्र विक्रेत्यांनी वाटप थांबवलं. १८ एप्रिल २०२० च्या आदेशात राज्य सरकारने पेपर घरोघर टाकायलाच मनाई केली. पुढे वाटप सुरू झालं, पण कित्येक घरांनी पेपर पुन्हा लावलाच नाही. कार्यक्रमच नव्हते, त्यामुळे कार्यक्रमांचं सदर आपोआप रिकामं झालं, आणि कार्यक्रम परत सुरू झाले तेव्हा त्या कोपऱ्यात दुसरं काहीतरी बसलेलं होतं. त्याआधीपासूनच पानं कमी होत होती. आपल्याकडे वृत्तपत्राच्या कागदाचा मोठा हिस्सा आयात होतो. २०१९ च्या अर्थसंकल्पात त्यावर १० टक्के सीमाशुल्क लागलं, पुढच्या वर्षी ते ५ वर आलं, आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर कागदाचे भाव पुन्हा चढले. पान महाग झालं की ज्या ओळींमधून एक रुपया येत नाही त्या आधी जातात. यात कुणा संपादकाचा दुष्टपणा मला दिसत नाही. ते उपसंपादकही निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी ठाण्यासाठी वेगळा माणूस आला नाही.

जे उरलं त्याचं स्वरूप मात्र बदललं, आणि या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. सांस्कृतिक बातमी आता कार्यक्रमानंतर येते. 'उत्साहात संपन्न', सोबत दीपप्रज्वलनाचा फोटो, व्यासपीठावर कोण होतं त्यांची ओळीने नावं. ही बातमी ज्यांनी कार्यक्रम केला त्यांच्यासाठी असते, ज्यांना यायचं होतं त्यांच्यासाठी नाही. आधी येणारी दोन ओळींची नोंद वाचकाला बोलावते, नंतर येणारी दहा ओळींची बातमी त्याला तू नव्हतास एवढंच सांगते. नाटकवाल्यांना हा फटका कमी बसला, कारण शनिवार-रविवारच्या पेपरात त्यांच्या पैसे भरून दिलेल्या जाहिराती असतात आणि प्रेक्षकाला ते पान शोधायची सवय आहे. फुकट व्याख्यान, वाचनालयातलं काव्यवाचन, सोसायटीच्या गच्चीवरची संगीत बैठक यांच्याकडे जाहिरातीचे पैसे कधीच नव्हते.

आता हे शहर बघा. १८६६ मध्ये इथून 'अरुणोदय' हे साप्ताहिक निघालं. १८९३ मध्ये वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. १९७५ मध्ये 'ठाणे वैभव' हे शहराचं स्वतःचं दैनिक आलं, १९७८ मध्ये मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन उभं राहिलं. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९६०, १९८८ आणि २०१० असं तीनदा इथे भरलं. अत्रे कट्टा, ब्रह्मांड कट्टा, अभिनय कट्टा यांनी ठाण्याची कट्ट्यांची ओळख बाहेरगावीही पोहोचवली. आमचा कट्टा त्यांच्या मानाने फार लहान, महिन्यातून दोनदा भरणारा. पण ज्या काळात नौपाडा, चरई, पाचपाखाडी म्हणजेच ठाणं होतं तेव्हा तलावपाळीवर एकाने दुसऱ्याला सांगितलं तरी पुरत होतं. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख ६२ हजार होती, २०११ मध्ये ती १८ लाख ४१ हजार झाली. आता घोडबंदर रोडवर कासारवडवलीपर्यंत टॉवर आहेत आणि तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला जुन्या ठाण्यातलं कुणीच ओळखीचं नाही. शहर जेव्हा तोंडी निरोपाच्या आवाक्याबाहेर गेलं, नेमक्या त्याच काळात छापील निरोप बंद पडला.

आमच्याकडे याचा एक पुरावा होता, फक्त तो कुणी उलगडून पाहिलेला नव्हता. कट्ट्याच्या दाराशी एक वही असते. नाव, राहण्याचा भाग, आणि 'कार्यक्रमाबद्दल कसं कळलं' असे तीन रकाने. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकांनी पहिल्या दिवसापासून ही शिस्त लावली. बैठकीनंतर आम्ही जुन्या वह्या काढून बसलो. सदर चालू असतानाच्या पानांवर तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा 'पेपर' लिहिलेलं, आणि मधल्या रकान्यात कोपरी, कळवा, वर्तकनगर, मुलुंड, दिवा. एका पानावर निळ्या पेनाने, घाईघाईत: 'कळवा, पेपरात वाचलं, परीक्षेसाठी उपयोगी.' हा मुलगा मला आठवतो. महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख प्रशिक्षण संस्थेत स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला येत होता. कट्ट्याला कधी आला नव्हता, नंतरही फार वेळा आला नाही. पण त्या दिवशी वक्त्यांना त्याने जे प्रश्न विचारले ते आमच्यापैकी कुणी विचारले नसते.

अलीकडच्या वह्यांमध्ये तिसऱ्या रकान्यात 'ग्रुप', 'ग्रुप', 'ताईंनी सांगितलं', 'ग्रुप'. मधल्या रकान्यात नौपाडा, नौपाडा, पाचपाखाडी, नौपाडा.

व्हॉट्सअ‍ॅपने लोक यायचे थांबले असं नाही. व्हॉट्सअ‍ॅप नसतं तर त्या तीन रांगाही भरल्या नसत्या. पण ते माध्यम ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच पुन्हा सांगतं. गटात १०२४ च्या वर माणसं घेता येत नाहीत. शिवाय गटात कोण असतं? जो एकदा तरी आला आणि ज्याने नंबर दिला तो. आणि निरोप बाहेर जावा म्हणून पुढे पाठवत राहिलं तर एका टप्प्यानंतर त्यावर 'अनेक वेळा फॉरवर्ड' अशी खूण पडते आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अफवा रोखायला २०२० मध्ये आणलेला हा नियम योग्यच आहे, पण आमच्या निमंत्रणालाही तो लागू होतो. त्यात आमची निमंत्रणं म्हणजे चित्रं. मागे कमळं किंवा तंबोरा, त्यावर नाजूक अक्षरांत स्थळ, आणि बहुतेकांवर वर्ष नसतं. गेल्या वर्षीचं निमंत्रण यंदा पुन्हा फिरतं आणि दोन-चार माणसं बंद दरवाजावर येऊन परत जातात. चित्रातला मजकूर शोधला तर सापडत नाही. ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून मजकूर वाचून घेतात, त्यांच्यासाठी तर ते निमंत्रण कोरंच असतं. आमच्या श्रोत्यांत असे दोघं आहेत आणि दोघांनीही हे आम्हाला कधी सांगितलं नाही, कुणीतरी फोन करून कळवेल असं धरून ते थांबत राहिले.

रस्त्यावर फलक लावावा, असंही बैठकीत निघालं. ठाण्यात चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स असतात, मग व्याख्यानाचा एक का नको? पण परवानगी आणि शुल्क भरून लावायचा तर आमच्या महिन्याच्या खर्चाच्या बाहेर, आणि परवानगीशिवाय लावायला आमच्यातल्या बहुतेकांचा ठाम नकार. बेकायदा फलक हटवण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट आदेश दिले आहेत. सार्वजनिक जीवनावर बोलणाऱ्या संस्थेने ते मोडायचे नसतात. एका माजी नगरसेवकांच्या कार्यालयातून निरोप आला की सगळ्या कार्यक्रमांची यादी ते स्वखर्चाने छापून घरोघर वाटतील, वर त्यांचा फोटो असेल. यावर बरीच चर्चा झाली. दोघा-तिघांना ते मान्य होतं: कागद पोहोचला म्हणजे झालं, फोटोने काय बिघडतं? मला त्यांचा मुद्दा कळतो, पण तो पटत नाही. फोटो आला की यादी त्या फोटोची होते. ज्याला तो पक्ष नको तो यादीही वाचत नाही, आणि पुढच्या निवडणुकीनंतर ती बंद होते. आभार मानून नाही सांगितलं.

यादी आपणच करायची असं ठरलं, पण ती करणार कोण? आमच्यात एका शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या बाई आहेत. आयुष्यभर हजेरीपट, दाखले आणि वेळापत्रकं केलेली. त्या म्हणाल्या, "मी करते. पण मजकूर मला साध्या अक्षरांत पाठवायचा, चित्र नको. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत. सहानंतर आलेला पुढच्या आठवड्यात." एका कार्यक्रमाला चार ओळी: वार आणि वर्षासकट तारीख, वेळ, काय आणि कोण, कुठे. स्थळ लिहिताना जवळची खूण आणि बसथांबा. पायऱ्या आहेत की लिफ्ट, हेही. ही शेवटची सूचना बाईंचीच होती आणि तिच्यामुळे किती जणांनी फोन केले हे पाहून आम्ही थक्क झालो. गुडघ्यांमुळे घरी बसलेली कितीतरी माणसं केवळ सभागृह कितव्या मजल्यावर आहे हे ठाऊक नसल्याने येत नव्हती.

खरा वाद झाला तो यादीत काय घ्यायचं यावर. पहिल्याच आठवड्यात मजकुरांचा ढीग आला. एका मंदिरात सात दिवसांचं कीर्तन. एका नेत्याचा सत्कार सोहळा. तीन हजार रुपये शुल्क असलेली सुलेखनाची कार्यशाळा. एका सोसायटीचा फक्त सभासदांसाठी असलेला कोजागिरीचा कार्यक्रम. एका तमिळ मंडळाची कर्नाटक संगीताची मैफल. प्लॉट विकणाऱ्या एका कंपनीचं 'गुंतवणूक मार्गदर्शन', चहापाण्यासह. कुणी म्हणे फक्त साहित्य-संगीत-नाटक घ्या, कुणी म्हणे फक्त मराठी, कुणी म्हणे धार्मिक नको, कुणी म्हणे कीर्तन नको तर मग काय हवं? दोन बैठका यातच गेल्या. शेवटी बाईंनी एक प्रश्न मांडला आणि त्यावरच निवड करायची असं ठरलं: शहरातला कुठलाही अनोळखी माणूस, कुणाला न विचारता, आत येऊन शेवटपर्यंत बसू शकतो का, आणि बाहेर पडताना त्याच्यामागे कुणी काही विकायला लागणार नाही ना?

या कसोटीवर कीर्तन आत आलं, कारण कीर्तनाला कुणीही येऊन बसतं. कर्नाटक संगीताची मैफल आत आली. सोसायटीची कोजागिरी बाहेर राहिली. गुंतवणूक मार्गदर्शन बाहेर. सत्कार सोहळ्याबद्दल बाईंनी आयोजकांना फोन करून विचारलं, "साहेब, मी आले तर मला बसायला खुर्ची मिळेल का? की पास लागेल?" पास लागणार होता. बाहेर. सुलेखनाच्या कार्यशाळेवर अजून एकमत नाही. शुल्क भरून कुणीही जाऊ शकतो हे खरं, पण तीन हजार हे कित्येकांच्या दृष्टीने दार बंद असल्यासारखंच आहे. सध्या शुल्काचा आकडा पहिल्याच ओळीत लिहायचा, या अटीवर घेतो. माझं स्वतःचं मत विरोधात आहे आणि मी ते प्रत्येक बैठकीत मांडतो.

यादी झाली, ती पोहोचवायची कशी? विद्यार्थी कार्यकर्त्यांनी इन्स्टाग्रामवर पान काढलं, ते परीक्षा सुरू होईपर्यंत छान चाललं आणि मग थांबलं. आयोजकांनी भरावा म्हणून ऑनलाइन फॉर्म केला, तो कुणी भरला नाही. सगळे बाईंनाच फोन करतात. जे टिकलं ते कागदाने. शुक्रवारी सकाळी मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद दोन वाचनालयांत, एका डेअरीत, औषधांच्या दुकानात, एका पोळीभाजी केंद्राच्या काउंटरवर आणि काही सोसायट्यांच्या लिफ्टजवळच्या सूचनाफलकावर लागतो. तोच मजकूर, साध्या अक्षरांत, गटांवर जातो.

आणि एक वाट आम्हाला पेपर विक्रेत्याने दाखवली. पहाटे साडेचारला स्टेशनच्या पश्चिमेला गेलात तर फूटपाथवर गठ्ठे सुटलेले दिसतात. उकिडवे बसलेले विक्रेते आणि पोरं मुख्य अंकात पुरवण्या भरत असतात, इतक्या वेगाने की हात दिसत नाहीत, नुसता कागदाचा आवाज येतो. मधूनच क्लासेसची, मॉलची पत्रकं त्यात सरकवली जातात. अंकामागे ठरावीक पैसे घेऊन पत्रक टाकून देण्याचा हा धंदा जुनाच. आमच्या भागातल्या विक्रेत्याकडे चौकशी केली तर त्यांनी आधी यादी हातात घेऊन पूर्ण वाचली. मग म्हणाले, "काका, सगळ्या अंकांत टाकू नका, पैसे वाया जातील. माझ्याकडे लाइन आहे, कोण मराठी पेपर घेतं, कुणाकडे म्हातारी माणसं आहेत, मला माहीत आहे. तेवढ्यांतच टाकतो. आणि शनिवारी टाकू, रविवारी जाहिरातींच्या पत्रकांत हरवेल." उपसंपादकांकडे शहराची जी माहिती होती, तिचा दुसरा अर्धा भाग या माणसाकडे होता. कुणाच्या दारात काय जातं, कुणी पेपर बंद केला, कुणाकडे मुलगा परदेशात गेल्यापासून फक्त आजी आहेत. महिन्यातला पहिला शनिवार आम्ही त्यांच्याकडून पत्रक टाकतो. दर आठवड्याला टाकणं परवडत नाही.

परिणाम सांगताना मला हात राखून बोललं पाहिजे. सभागृह ओसंडून वाहायला लागलेलं नाही. गडकरी रंगायतन दुरुस्तीसाठी बंद असताना लहान सभागृहांवरचा ताण वाढला होता, तारखा मिळत नव्हत्या, तो काळ यादीच्या सुरुवातीशी जोडलेला आहे. त्यामुळे कशाचा परिणाम किती, हे नेमकं वेगळं काढता येणार नाही. पण वहीचा मधला रकाना पुन्हा बदलला आहे. वाघबीळहून आलेल्या एका बाईंनी 'लिफ्टमध्ये वाचलं' असं लिहिलं आणि खाली कंसात 'पहिल्यांदाच' असंही. रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिका डेअरीत दूध घेताना यादी पाहून सकाळच्या गाण्याच्या कार्यक्रमाला आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या, मधेच डुलक्या काढल्या आणि जाताना पुढच्या आठवड्याचा कागद मागून घेऊन गेल्या. अशा माणसांची मला खूप आस आहे. नेहमीचे श्रोते आमचे स्नेही आहेत, पण सगळेच स्नेही असले की वक्ताही तेच बोलतो जे त्यांना आवडणार हे त्याला ठाऊक असतं, प्रश्नही तेच येतात, आणि हळूहळू त्याला व्याख्यान म्हणण्याचं कारण उरत नाही.

तारखांची टक्कर मात्र जवळपास थांबली. बाईंच्या वहीत पुढच्या तीन महिन्यांचे शनिवार-रविवार आखलेले आहेत. कुणी तारीख कळवली की त्या लगेच सांगतात, त्या दिवशी अमुक आहे, विषय जवळचा आहे, बघा. निर्णय संस्थेचाच. बहुतेक जण बदलतात. किल्ल्यांवर स्लाइड शो ठेवणाऱ्या मंडळाने एकदा नकार दिला, कारण त्यांचे वक्ते पुण्याहून त्याच दिवशी येऊ शकत होते. तेव्हा आम्ही आमचा कार्यक्रम पुढे ढकलला आणि सगळे मिळून तिकडे गेलो.

मधल्या काळात एका स्थानिक वृत्तपत्रातून फोन आला. आठवड्यातून एकदा ही यादी जशीच्या तशी छापायची त्यांची तयारी आहे, पैसे न घेता. त्यांना मजकूर बुधवारी दुपारी हवा, आमची मुदत गुरुवारची. बाई म्हणतात मुदत अलीकडे आणली तर छोट्या संस्था सुटतील, त्यांचं सगळं शेवटच्या क्षणी ठरतं. वृत्तपत्राच्या बाजूने त्यांचं छपाईचं गणित आहे. मला वाटतं बुधवार मान्य करावा आणि उशिरा येणारे मजकूर फक्त कागदावर आणि गटांवर द्यावेत, कारण छापील पानाला जो वाचक आहे तो आम्हाला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. यावर पुढच्या बैठकीत ठरेल. बाईंनी गणपतीनंतर कुणीतरी दुसऱ्याने हे काम घ्यावं असंही सांगितलं आहे. दोन विद्यार्थिनी गुरुवारी त्यांच्याजवळ बसून शिकत आहेत. टायपिंग त्यांना आलं आहे. एखाद्या आयोजकाला फोनवर 'हे यादीत बसत नाही' असं सांगायचं धैर्य यायला वेळ लागेल.

घोडबंदरची बाजू आमच्या यादीत अजून फार विरळ आहे. मेट्रो चारच्या कामांमुळे आणि वाहतुकीमुळे तिथून नौपाड्यात संध्याकाळी सहाला पोहोचणं म्हणजे साडेचारला निघणं. त्यामुळे त्यांना आमचे कार्यक्रम कळवून उपयोग नव्हता, त्यांच्या जवळचे कळवायला हवे होते. कासारवडवलीच्या एका गृहसंकुलातल्या दोघांनी तिकडची वेगळी यादी करायची तयारी दाखवली. त्यांनी विचारलं, हिंदीतले कार्यक्रम घेतले तर चालतील का? बाईंनी त्यांनाही आपला तोच प्रश्न लिहून पाठवला आणि म्हणाल्या, यात भाषेचं काही नाही, घ्या. त्यांची पहिली यादी गेल्या महिन्यात निघाली. तिच्यातले निम्म्याहून अधिक कार्यक्रम दर महिन्याला नियमाने होणारे होते, आणि नौपाड्यात बसलेल्या आमच्यापैकी एकालाही ते होतात हे ठाऊक नव्हतं.